सोय कोणाची, अडवणूक कोणाची?

संकेतस्थळावरील प्रत्येक बटणामागे ग्राहकाची गरज आणि कंपनीचा नफा यांची रस्सीखेच चाललेली असते. ‘यूएक्स डिझाइन’ ही विद्याशाखा या दोहोंचा मेळ कसा घालते आणि हा मेळ कोठे बिघडतो, याचा वेध.

एखाद्या सेवेचे सदस्यत्व घ्यायचे असेल, तर मोबाइलवर अर्धे मिनिट पुरते. ठसठशीत रंगाचे मोठे बटण समोरच असते. तेच सदस्यत्व रद्द करायचे ठरवले, की मात्र शोधाशोध सुरू होते. ‘माझे खाते’, त्यात ‘सेटिंग्ज’, त्यात ‘सदस्यत्व व्यवस्थापन’, मग ‘आपण खरोखर जाणार का?’ असा प्रश्न आणि अखेरीस करड्या रंगातील, सहज नजरेस न पडणारी एक ओळ. आत शिरण्याची विद्या ठाऊक, पण बाहेर पडण्याची नाही, अशी अभिमन्यूसारखी गत अनेक ग्राहकांची होते.

अशा वेळी आपल्यालाच तंत्रज्ञान कळत नाही, अशी समजूत करून घेऊन बहुतेक जण प्रयत्न सोडून देतात. वास्तविक पडद्यावरील बटणाची जागा, रंग, आकार आणि त्यावरील शब्द कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेले असतात. वापरणाऱ्याची वाट कोठे सोपी करायची आणि कोठे त्याला थबकवायचे, हा निर्णय म्हणजेच ‘युजर एक्सपिरियन्स डिझाइन’, अर्थात यूएक्स. बँक, रेल्वे आरक्षण, औषधखरेदी आणि मुलांच्या शाळेचे शुल्क असे सारे व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर आले असताना हा निर्णय कोणाच्या हिताचा विचार करून घेतला जातो, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांपुरता उरलेला नाही.

वस्तूपासून अनुभवापर्यंत

‘युजर एक्सपिरियन्स’ हा शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेय मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांना दिले जाते. १९९३ मध्ये ते ‘अ‍ॅपल’ कंपनीत दाखल झाले, तेव्हा त्यांनी आपल्या पदनामातच हा शब्द योजला. यंत्र वापरताना माणूस चुकला, तर दोष बहुधा माणसाचा नसून यंत्राच्या रचनेचा असतो, हे त्यांचे प्रतिपादन. यंत्राचा पडदा सुबक असणे पुरेसे नाही. वस्तू विकत घेण्यापासून ती बिघडल्यावर दुरुस्त करून घेण्यापर्यंतचा सारा अनुभव रचनेचा भाग आहे, असा या विचाराचा गाभा होता.

या विचारानुसार काम करणारा रचनाकार आधी वापरणाऱ्यांशी बोलतो, त्यांचे निरीक्षण करतो आणि त्यांना नेमके काय साधायचे आहे याची नोंद करतो. त्यावरून कच्चा आराखडा तयार होतो. तो काही मोजक्या लोकांच्या हाती देऊन ते कोठे अडखळतात, हे पाहिले जाते. अडखळण्याच्या जागा दुरुस्त केल्या जातात आणि पुन्हा चाचणी होते.

मात्र या कामाचे वेतन वापरणारा देत नाही, कंपनी देते. आणि कंपनीची उद्दिष्टे वेगळी असतात. विक्री वाढावी, सदस्य टिकावेत, तक्रारींचे दूरध्वनी कमी व्हावेत, जाहिराती पाहिल्या जाव्यात. यात गैर काही नाही. ज्या सेवेतून उत्पन्न होत नाही, ती फार काळ चालत नाही आणि बंद पडलेल्या सेवेचा ग्राहकाला उपयोग नसतो. त्यामुळे व्यवसायाचे उद्दिष्ट डोळ्यांआड करणारा रचनाकार चांगला रचनाकार ठरत नाही. दोन्ही बाजूंचे हित एका वाटेवर आणता येते का, हीच त्याची कसोटी असते.

जेथे दोघांचे हित एकच

अशी वाट सापडते, याची उदाहरणे आहेत. सर्वांच्या परिचयाचे उदाहरण एटीएमचे. सुरुवातीच्या काळातील अनेक यंत्रे आधी नोटा देत आणि नंतर कार्ड परत करीत. माणूस आलेला असतो पैशांसाठी. नोटा हातात पडल्या, की त्याच्या मनाने काम संपलेले असते. साहजिकच कित्येकांची कार्डे यंत्रातच राहत. पुढे क्रम उलटा करण्यात आला. आधी कार्ड काढून घ्या, मगच नोटा मिळतील. या छोट्याशा बदलामुळे ग्राहकाचा मनस्ताप वाचला आणि नवी कार्डे देण्याचा बँकांचा खर्चही. माणसाला ‘लक्ष ठेवा’ असे बजावणारी पाटी लावण्यापेक्षा चूक होऊच नये अशी रचना करणे दोघांच्याही फायद्याचे ठरले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील रचनातज्ज्ञ जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातील आहे. एका मोठ्या विक्री संकेतस्थळावर माल निवडल्यानंतर, पैसे भरण्यापूर्वी ‘नोंदणी करा’ असा टप्पा होता. ग्राहकांची माहिती हाती यावी हा कंपनीचा हेतू. चाचणीत मात्र असे आढळले, की नवे ग्राहक या टप्प्यावर वैतागत होते आणि जुने ग्राहक आपला पासवर्ड आठवत बसत होते. ‘नोंदणी’चे बटण काढून तेथे ‘पुढे चला’ असे बटण आले आणि ‘खरेदीसाठी खाते उघडण्याची आवश्यकता नाही’ अशी सूचना जोडण्यात आली. स्पूल यांच्या म्हणण्यानुसार खरेदी पूर्ण करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली.

‘अ‍ॅमेझॉन’चे ‘वन-क्लिक’ खरेदीचे बटण याच जातकुळीतले. पत्ता आणि कार्डाचा तपशील एकदा साठवला, की पुढील खरेदी एकाच क्लिकमध्ये. या पद्धतीचे अमेरिकी पेटंट कंपनीला १९९९ मध्ये मिळाले आणि ते २०१७ पर्यंत टिकले. ‘अ‍ॅपल’ने २००० मध्ये त्याचा परवाना घेतला. ग्राहकाचा वेळ वाचवणे हा केवढा मोठा व्यवसाय होऊ शकतो, याची ही साक्ष होती.

जेथे वाटा फुटतात

या उदाहरणांवरून ‘ग्राहकाचे भले तेच कंपनीचे भले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. यूएक्सच्या कार्यशाळांतून तो वारंवार सांगितलाही जातो. परंतु तो नेहमीच खरा नसतो.

मैफली आणि सामन्यांच्या तिकिटांची पुनर्विक्री करणाऱ्या ‘स्टबहब’ या अमेरिकी संकेतस्थळाची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. २०१४ मध्ये या कंपनीने सर्व शुल्क धरून तिकिटाची एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवण्यास प्रारंभ केला. ग्राहकाला हवे होते ते हेच. २०१५ मध्ये कंपनीने एक प्रयोग केला. लाखो ग्राहकांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला एकूण किंमत आधीच दिसे. दुसऱ्याला मूळ किंमत दिसे आणि शुल्क अखेरच्या टप्प्यावर जोडले जाई. अर्थशास्त्रज्ञांनी या प्रयोगाचे विश्लेषण केले आणि ते २०२१ मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांच्यापासून शुल्क शेवटपर्यंत दडवले गेले, त्यांनी सुमारे २० टक्के अधिक खर्च केला आणि खरेदी पूर्ण करण्याचे त्यांचे प्रमाणही सुमारे १४ टक्क्यांनी अधिक होते. शुल्क समोर नसल्याने ते अधिक महागड्या जागांकडेही वळले. प्रयोगानंतर कंपनी पुन्हा शुल्क शेवटी दाखवण्याच्या पद्धतीकडे वळली.

अशा प्रयोगांना ‘ए/बी चाचणी’ म्हणतात. एकाच पानाच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या ग्राहकांना दाखवायच्या आणि कोणती अधिक विक्री करते, ते मोजायचे. साधन म्हणून ते उत्तम आहे. रचनाकाराच्या किंवा वरिष्ठांच्या आवडीनिवडीपेक्षा त्याचा कौल विश्वासार्ह असतो. परंतु चाचणी विचारू तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. ‘आज किती जणांनी पैसे भरले?’ हे तिला कळते. त्यातील किती जणांना घरी गेल्यावर फसवले गेल्यासारखे वाटले, हे कळत नाही. दर तिमाहीला आकडा वाढवण्याचे लक्ष्य ज्या विभागापुढे असते, त्याला हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवड नसते. वाईट हेतूने कोणीही काही न करता, केवळ आकड्यांच्या मागे जात जात एखादे संकेतस्थळ हळूहळू ग्राहकाच्या विरोधात उभे राहते, ते असे.

एका क्लिकपासून सहा क्लिकपर्यंत

या प्रक्रियेचे सर्वांत गाजलेले उदाहरण त्याच ‘अ‍ॅमेझॉन’चे असावे, हा योगायोग नाही. अमेरिकेच्या ‘फेडरल ट्रेड कमिशन’ने जून २०२३ मध्ये कंपनीविरुद्ध सिअ‍ॅटलच्या न्यायालयात दावा दाखल केला. खरेदी करताना ग्राहकांना त्यांच्या स्पष्ट संमतीविना ‘प्राइम’चे सदस्य करून घेतले जाते आणि सदस्यत्व रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवले जाते, असा आरोप होता. आयोगाच्या म्हणण्यानुसार रद्द करण्यासाठी चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत. या वाटेला कंपनीत ‘इलियड’ असे नाव होते. ट्रॉयच्या प्रदीर्घ युद्धाचे वर्णन करणाऱ्या होमरच्या महाकाव्याचे हे नाव. वाट किती लांब आहे याची जाणीव आतल्या मंडळींना होती, हेच त्यातून सूचित होत असल्याचे आयोगाचे म्हणणे होते.

युरोपात याच प्रश्नावर आधीच हालचाल झाली होती. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने जानेवारी २०२१ मध्ये या वाटेतील अडथळ्यांवर अहवाल प्रसिद्ध केला. जुलै २०२२ मध्ये युरोपीय आयोगाशी झालेल्या बोलण्यांनंतर तेथील ग्राहकांना दोन क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द करण्याची सोय कंपनीने मान्य केली. अमेरिकेतील दावा सप्टेंबर २०२५ मध्ये २५० कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. त्यापैकी १०० कोटी दंडापोटी आणि १५० कोटी ग्राहकांना परताव्यापोटी होते. कंपनीने कसूर मान्य केली नाही. मात्र सदस्यत्व नाकारण्याचे स्पष्ट बटण ठेवण्याचे आणि रद्द करण्याची वाट सोपी करण्याचे बंधन तिच्यावर आले.

ज्या कंपनीने ग्राहकाचा एकेक क्लिक वाचवण्याचे पेटंट घेतले, तिच्यावरच बाहेर पडणाऱ्याला सहा क्लिकचा फेरा घालायला लावल्याचा आरोप व्हावा, यात या विषयाचे सार आले आहे. कौशल्य दोन्हीकडे तेच होते. ते कोणासाठी वापरायचे, हा निर्णय वेगळा होता.

प्रत्येक अडथळा वाईट नसतो

याचा अर्थ पडद्यावरील प्रत्येक अडथळा दूर केला पाहिजे, असा मात्र नाही. काही अडथळे ग्राहकाच्याच रक्षणासाठी असतात. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय’मध्ये पैसे पाठवताना सामान्यतः पिन टाकावा लागतो. तो टप्पा काढून टाकला, तर व्यवहार अधिक जलद होतील. पण चुकून पैसे गेल्याच्या तक्रारीही तितक्याच जलद येतील.

‘यूपीआय’मध्येच दुसऱ्याकडून पैसे मागण्याची सोय होती. समोरच्याने विनंती पाठवायची आणि आपण मंजूर करायची. मित्रांमध्ये हॉटेलचे बिल वाटून घेण्यास ती उपयोगाची होती, परंतु भामट्यांच्याही कामी आली. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगून अनेकांना गंडवण्यात आले. अखेर राष्ट्रीय देयक महामंडळाने व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. येथे काहींच्या सोयीपेक्षा अनेकांची सुरक्षितता मोठी ठरली.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू केलेला नियमही असाच. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी देणे बंधनकारक झाले आणि ठरावीक मर्यादेपुढील रकमेसाठी दर वेळी अतिरिक्त पडताळणी आवश्यक ठरली. ही मर्यादा सुरुवातीला ५ हजार रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५ हजार करण्यात आली. कित्येक सेवांची वसुली या नियमामुळे सुरुवातीला विस्कळीत झाली. तथापि, विसरलेल्या सदस्यत्वाचे पैसे कापले जाणार आहेत हे ग्राहकाला आधी कळू लागले. म्हणजेच अडथळा आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या हितासाठी उभा केला आहे, हे पाहावे लागते.

कायद्याची चौकट

ग्राहकाला नकळत कंपनीला हव्या त्या दिशेने ढकलणाऱ्या रचनांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव ब्रिटिश रचनाकार हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि अशा १३ प्रकारांना मनाई केली.

यातील बरेच प्रकार शहरी वाचकाच्या रोजच्या ओळखीचे आहेत. ‘फक्त दोनच खोल्या शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे, न मागितलेला विमा वा देणगी बिलात घुसवणे, ‘नको, मला माझ्या सुरक्षिततेची पर्वा नाही’ अशा शब्दांचे बटण ठेवून नकार देणाऱ्याला ओशाळवाणे करणे, सदस्यत्वाचा सापळा, किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे, जाहिरात बातमीच्या वेशात सादर करणे. कोपऱ्यावरच्या वाण्याने गिऱ्हाइकाच्या पिशवीत न सांगितलेला साबण टाकून त्याचे पैसे लावले, तर गिऱ्हाईक तेथेच जाब विचारील. पडद्यावर तोच प्रकार आधीच खूण केलेल्या एका चौकोनाने साधला जातो आणि जाब विचारायला समोर कोणी नसते. संमतीसाठी अशी आधीच केलेली खूण ग्राह्य धरता येणार नाही, असे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही म्हटले आहे.

जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत आपापल्या संकेतस्थळांची स्वतःच तपासणी करण्याची सूचना केली. स्वतःच स्वतःची परीक्षा घेण्याच्या या पद्धतीतून कितपत साधेल, अशी शंका घेता येईल. तरीही नियमांचे एक महत्त्व आहे आणि ते ‘स्टबहब’च्या अनुभवातून कळते. एकट्या कंपनीने प्रामाणिकपणा दाखवला, की शेजारच्या संकेतस्थळावरील दर स्वस्त वाटू लागतो आणि ग्राहक तिकडे वळतो. प्रामाणिकपणाचा भुर्दंड प्रामाणिक कंपनीलाच बसतो. सर्वांना एकच नियम लागू झाला, तरच हा भुर्दंड नाहीसा होतो. अमेरिकेत मैफली, सामने यांची तिकिटे आणि अल्पकालीन निवासासाठी एकूण किंमत आधी दाखवण्याचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला, तो याच कारणासाठी.

तोल कोण राखणार?

कायदा मनाई करू शकतो. चांगली रचना घडवू शकत नाही. ते काम कंपनीतच व्हावे लागते. त्यासाठी पहिली गरज मोजमापे बदलण्याची आहे. किती जण सदस्य झाले, यासोबत किती जणांनी पहिल्याच महिन्यात पैसे परत मागितले, किती तक्रारी आल्या, सदस्यत्व सोडून गेलेल्यांपैकी किती पुढे स्वेच्छेने परतले, हेही त्याच तक्त्यात मांडले, तर वरिष्ठांना दिसणारे चित्र बदलते. ज्याला सहज जाऊ दिले, तो गरज पडल्यावर पुन्हा येण्याची शक्यता असते. ज्याला अडवून ठेवले, तो एकदा सुटला, की पुन्हा त्या दारी येत नाही.

दुसरी गरज रचनाकाराच्या शब्दाला वजन येण्याची. आपल्याकडे रचनेच्या शिक्षणाची परंपरा नवी नाही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये, तर पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. मात्र पडदा कसा दिसावा हे ठरवण्यापुरतेच रचनाकाराला बोलावले जात असेल आणि पडद्यावर काय दडवायचे हे विक्री विभागाने आधीच ठरवले असेल, तर उत्तम शिक्षणाचाही उपयोग नाही.

या क्षेत्रात दोन साध्या कसोट्या वापरता येतात. पहिली, आत येण्यासाठी जितके क्लिक, तितक्याच क्लिकमध्ये बाहेर पडता येते का? दुसरी, ही रचना अशी का केली, हे ग्राहकाला मोकळेपणाने सांगितले तर तो संतापेल का? एटीएमच्या कार्डाचा क्रम का बदलला, हे ग्राहकाला सांगण्यात कोणत्याही बँकेला संकोच वाटणार नाही. सदस्यत्व रद्द करण्याचे बटण करड्या रंगात का दडवले, हे किती कंपन्या सांगू शकतील?

ग्राहकाच्या हाती काय?

पैसे भरण्यापूर्वी अखेरच्या पानावरील एकूण रकमेची पहिल्या पानावरील किमतीशी तुलना करावी. आधीच खूण केलेले चौकोन तपासावेत. मोफत चाचणी मुदतीसाठी कार्डाचा तपशील देण्यापूर्वी सदस्यत्व रद्द करण्याची सोय कोठे आहे, ते पाहून ठेवावे. फसवणूक झाल्यास त्या पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बटण न सापडणे हा आपल्या अज्ञानाचा पुरावा नाही, हे ध्यानात ठेवले, तरी अशी तक्रार करण्याचा संकोच पुष्कळसा कमी होईल.